टॅब दाबला की कर्सर कुठे जातो?

जुलै संपत आला की अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वरमधल्या सेवा केंद्रांवर पीक विम्यासाठी गर्दी होते. सोयाबीन, तूर, पऱ्हाटी पेरून आलेले शेतकरी सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, पासबुक आणि पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र घेऊन रांगेत उभे असतात. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला तेव्हा अर्जांची संख्या एकदम वाढली, आणि तो सगळा भार काउंटरमागच्या ऑपरेटरच्या बोटांवर आला. सराईत ऑपरेटर पडद्याकडे फार बघत नाही. नजर कागदावर, दोन्ही हात कीबोर्डवर. नाव टाकलं, टॅब. आधार टाकला, टॅब. गट क्रमांक, टॅब.

अशा वेळी एखादा अर्ज मध्येच दगा देतो. तालुका निवडून टॅब दाबावा, तर कर्सर दिसेनासा होतो. कधी तो पानाच्या माथ्यावरच्या ‘मुखपृष्ठ’ या दुव्यावर जाऊन बसतो. कधी एक रकाना सोडून पुढचा धरतो आणि खाते क्रमांक आयएफएससीच्या जागी पडतो. ऑपरेटर माउस धरतो, योग्य रकान्यात क्लिक करतो, पुन्हा कीबोर्डकडे येतो. एका वेळेला दोन सेकंद जातात असं धरू. वीस रकान्यांच्या अर्जात प्रत्येक रकान्याला असं करावं लागलं, तर अर्जामागे चाळीस सेकंद. दिवसाला साठ अर्ज म्हणजे चाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात रांगेतली आणखी कितीतरी माणसं मोकळी झाली असती.

टॅब तोच, संगणकही तोच. मग एका अर्जात कर्सर सरळ चालतो आणि दुसऱ्यात भरकटतो, असं का? याचं उत्तर अर्ज लिहिणाऱ्या प्रोग्रामरच्या हातात असतं, आणि ते समजायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

माईक एकच असतो

पडद्यावर वीस रकाने, चार बटणं आणि दहा दुवे दिसत असले तरी कीबोर्डवर दाबलेलं अक्षर कोणत्याही क्षणी एकाकडेच जातं. ज्याच्याकडे ते जातं, त्याच्याकडे ‘फोकस’ आहे असं म्हणतात. ग्रामसभेत माईक एकच असावा आणि ज्याच्या हातात माईक त्याचंच बोलणं सगळ्यांना ऐकू जावं, तसं हे आहे. बाकीचे हजर असतात, पण बोलायची पाळी त्यांची नसते.

टॅबचं काम एवढंच की माईक पुढच्याच्या हातात द्यायचा. शिफ्ट धरून टॅब दाबला तर तो मागच्याकडे जातो. प्रश्न उरतो तो ‘पुढचा’ कोण, हे ठरवायचा. टॅबला स्वतःची अक्कल नाही. सभेपुढे पाळ्यांची यादी असते, तो फक्त ती यादी वाचतो. तुमच्या अर्जात कर्सर भरकटत असेल तर कुणीतरी ती यादी चुकीची लिहिलेली असते, किंवा लिहायचीच राहिलेली असते.

यादी ठरते कशी?

वेबपानावर ही यादी मुळात आपोआप तयार होते. पान ज्या मजकुरातून बनतं त्यात जो रकाना आधी लिहिला, त्याची पाळी आधी. तो पडद्यावर कुठे दिसतो याच्याशी ब्राउझरला देणंघेणं नसतं.

आपल्याकडच्या अर्जांत हा फरक लगेच जाणवतो, कारण नाव दोनदा मागितलं जातं: डाव्या बाजूला मराठीत, उजव्या बाजूला इंग्रजीत. भरणारा ओळीने वाचतो. पहिलं नाव मराठीत, मग इंग्रजीत. वडिलांचं नाव मराठीत, मग इंग्रजीत. पण प्रोग्रामरने डावा उभा भाग एकत्र लिहून त्याखाली उजवा लिहिला असेल, तर टॅब आधी मराठीचे सगळे रकाने संपवतो आणि मग इंग्रजीकडे वळतो. पान दिसायला नीटनेटकं, चालायला वेडंवाकडं.

विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामांत वेगळी गोम असते. व्हिज्युअल बेसिकमध्ये फॉर्मवर जो रकाना आधी आणून ठेवला त्याला आधीचा क्रमांक आपोआप मिळतो. प्रोग्राम तयार झाल्यावर कार्यालयातून फोन येतो, ‘आधारच्या खाली मोबाइल नंबरही पाहिजे.’ प्रोग्रामर नवा रकाना आणतो, आधारच्या खाली नेमका बसवतो. दिसायला तो चौथा, पण क्रमांक सगळ्यात शेवटचा. टॅब त्याला ओलांडून जातो आणि ‘जमा करा’ या बटणानंतर त्याच्याकडे परत येतो. उपाय सोपा आहे: रकाना वाढवला की क्रमांक पुन्हा लावायचे. राहतं ते एवढंच.

हाताने दिलेले क्रमांक

वेबपानावरही प्रोग्रामरला यादीत हात घालता येतो. त्यासाठी ‘टॅबइंडेक्स’ नावाचा गुण प्रत्येक रकान्याला देता येतो. त्याचे तीन प्रकार लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

शून्य दिलं तर तो घटक त्याच्या नैसर्गिक जागी पाळी घेतो. उणे एक दिलं तर टॅबच्या यादीतून त्याचं नाव निघतं, पण प्रोग्रामने मुद्दाम माईक दिला किंवा कुणी क्लिक केलं तर तो बोलू शकतो. आणि एक, दोन, तीन असे आकडे दिले तर त्या सगळ्यांची पाळी, पानावरच्या बिनआकड्यांच्या घटकांच्या आधी लागते.

सुरुवातीच्या कोड्यातला ‘मुखपृष्ठ’चा प्रकार इथून येतो. समजा एका अर्जात आठ रकान्यांना एक ते आठ असे आकडे दिले. वर्षभराने ‘गट क्रमांक’ हा रकाना मध्ये घातला आणि त्याला आकडा द्यायचा राहिला. आता टॅब आधी एक ते आठ संपवणार. नंतर बिनआकड्यांची यादी पानाच्या अगदी वरून सुरू होणार: मुखपृष्ठ, आमच्याविषयी, संपर्क, लॉगआउट. ही सगळी वाट तुडवून झाली की मग गट क्रमांक. म्हणून जाणते प्रोग्रामर आकडे देतच नाहीत. रकाने ज्या क्रमाने भरायचे त्याच क्रमाने ते लिहितात आणि यादी ब्राउझरवर सोडतात.

कर्सर गायब का होतो?

याची दोन कारणं नेहमी आढळतात.

पहिलं कारण असं. तालुका निवडला की त्या तालुक्यातल्या गावांची यादी मागवली जाते आणि अर्जाचा तेवढा भाग पडद्यावर नव्याने काढला जातो. ज्या रकान्याच्या हातात माईक होता तोच रकाना पुसला गेला. त्याच्या जागी दिसायला तसाच, पण नवा रकाना आला. त्याला माईक कुणी दिलेलाच नाही. आधार पडताळल्यावर तो रकाना कुलूपबंद करणाऱ्या अर्जांतही हेच होतं. अशा ठिकाणी यादी ब्राउझरवर सोडून चालत नाही. गावांची यादी आली की ‘गाव’ या रकान्याला फोकस द्यायचा, ही एक ओळ प्रोग्रामरने स्वतः लिहावी लागते.

दुसऱ्या कारणात फोकस जागेवरच असतो, फक्त दिसत नाही. फोकस असलेल्या घटकाभोवती ब्राउझर एक चौकट काढतो. पान देखणं दिसावं म्हणून काही जण ती चौकट काढून टाकतात. मजकुराच्या रकान्यात निदान कर्सर लुकलुकत असतो. बटणावर किंवा टिक करायच्या चौकोनावर तोही नसतो. मग आपण कुठे आहोत हे ऑपरेटरला कळायला मार्ग राहत नाही. चौकट आवडत नसेल तर तिचा रंग आणि जाडी बदलावी. ती काढू नये.

एका टॅबच्या पोटात काय काय घडतं?

टॅब दाबून सोडायला क्षणही लागत नाही. तेवढ्यात प्रोग्रामला ओळीने काही सूचना मिळतात. ‘कळ दाबली’ ही सूचना जुन्या रकान्याला मिळते. रकान्यातला मजकूर बदललेला असेल तर ‘मजकूर बदलला’ ही सूचना येते. मग जुन्याला ‘फोकस गेला’ आणि नव्याला ‘फोकस आला’. शेवटी बोट उचललं की ‘कळ सोडली’. ही शेवटची सूचना मात्र नव्या रकान्याला मिळते, कारण तोवर माईक त्याच्या हातात गेलेला असतो.

नवशिक्या प्रोग्रामरची गफलत बहुधा याच सांध्यावर होते. एकाने ‘दाबली’वर फोकस पुढे नेला, त्याच प्रोग्रामवर काम करणाऱ्या दुसऱ्याने ‘सोडली’वर. एकदा कळ दाबली की कर्सर दोन घरं पुढे जातो, आणि मधला रकाना रिकामा राहिल्याचं अर्ज फेटाळला गेल्यावर समजतं. बोट थोडं जास्त वेळ टेकलं तर ‘दाबली’ ही सूचना पुन्हापुन्हा येते, हेही ध्यानात ठेवावं लागतं. नियम एकच पाळायचा: फोकस हलवायचा तो ‘दाबली’वर, आणि कळ दाबूनच ठेवली असेल तर पुढच्या सूचनांकडे दुर्लक्ष करायचं.

एंटरची सवय

कळ निवडण्याचाही एक इतिहास आहे. टॅब मूळचा टाइपरायटरवरचा. तक्ते टंकताना कागद ठरावीक जागी सरकवायला तो होता. १९७१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या ३२७० टर्मिनलांवर तो एका रकान्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी वापरला जात होता. १९८७ मध्ये आयबीएमने पडद्यावरच्या मांडणीचे सामाईक नियम प्रसिद्ध केले आणि टॅबने पुढचा रकाना, एंटरने काम पक्कं, हा संकेत रूढ होत गेला.

आपल्याकडे मात्र बऱ्याच लोकांचा संगणक डॉसवरच्या डीबेस, क्लिपर आणि फॉक्सप्रोपासून सुरू झाला. तिथे एंटर दाबला की पुढचा रकाना येई. रकान्यात मावतील तेवढी अक्षरं भरली की कर्सर आपोआप पुढे जाई, आणि हवं असल्यास घंटीही वाजे. टॅलीत आजही एंटरनेच पुढे जातात. अडत्याच्या दुकानात टॅलीवर हात बसलेला मुलगा सेवा केंद्रात आला की त्याचं बोट सवयीने एंटरवर जातं. ब्राउझरमधल्या अर्जात एका ओळीच्या रकान्यात एंटर दाबला, तर तो ‘जमा करा’ समजला जातो आणि अर्धाच अर्ज रवाना होतो.

प्रोग्रामरला हे टाळता येतं. ‘कळ दाबली’ ही सूचना आली की कळ एंटर आहे का ते बघायचं; असेल तर ब्राउझरचं नेहमीचं वागणं थांबवायचं आणि पुढच्या रकान्याला फोकस द्यायचा. दोन अपवाद मात्र सोडावे लागतात. पत्त्याच्या मोठ्या रकान्यात एंटरने नवी ओळच यायला हवी, आणि बटणावर एंटरने बटणच दाबलं जायला हवं.

मराठी लिहिताना वाढणारी गुंतागुंत

इथवर सांगितलेलं जगातल्या कुठल्याही अर्जाला लागू आहे. पुढचं मात्र इंग्रजी पुस्तकांवरून प्रोग्रामिंग शिकलेल्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

बरेच जण मराठी उच्चाराप्रमाणे टंकतात. रोमन अक्षरं दाबली की मराठी शब्दांचे पर्याय समोर येतात आणि स्पेस किंवा एंटर दाबून त्यातला एक पक्का करायचा असतो. म्हणजे एंटरला इथे तिसरंच काम आहे. ‘एंटर म्हणजे पुढचा रकाना’ असं प्रोग्रामरने सरसकट लिहिलं असेल, तर शब्द पक्का व्हायच्या आत कर्सर निघून जातो आणि मागे अर्धवट शब्द राहतो. ब्राउझर अशा वेळी ‘शब्द अजून घडतो आहे’ अशी खूण सूचनेबरोबर देतो. ती खूण असेल तर एंटरला हात लावायचा नाही, एवढी एक अट घातली की काम भागतं. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीने लिहिणाऱ्यांना पर्याय निवडावे लागत नाहीत, त्यामुळे त्यांना ही अडचण येत नाही. नेमकं म्हणूनच इनस्क्रिप्टवर तपासलेला अर्ज दुसऱ्याकडे गेल्यावर फसतो.

दुसरी बाब मोजणीची. ‘नांदगाव खंडेश्वर’ हे नाव आपण मोजलं तर नां, द, गा, व ही चार अक्षरं आणि खं, डे, श्व, र ही चार, मिळून आठ. संगणक मात्र काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगळे मोजतो. नांदगावचे सात, मधल्या मोकळ्या जागेचा एक, खंडेश्वरचे आठ, एकूण सोळा. ‘गावाच्या नावाला बारा अक्षरं पुष्कळ झाली’ असं धरून मर्यादा घातली, तर बाराव्या चिन्हाला ‘खंडे’ इतकंच लिहून होतं आणि उरलेलं नाव बाहेर राहतं. त्यावर रकाना भरला की पुढे जायची सोय जोडलेली असेल, तर ‘श्वर’ पुढच्या रकान्यात जाऊन पडतं.

तिसरी बाब भाषा बदलण्याची. मराठी नावाच्या रकान्यातून इंग्रजी नावाच्या रकान्यात गेलं की कीबोर्डची भाषाही बदलावी लागते, आणि ते दर वेळी हातानेच करायचं. काही मांडण्यांत मराठी चालू राहिली तर आधारचे अंकही देवनागरीत उमटतात आणि ‘फक्त अंक लिहा’ असं म्हणत अर्ज ते नाकारतो. विंडोजवरच्या प्रोग्रामला फोकस येताच भाषा बदलता येते. वेबपानाला ती मुभा नाही. पण पडद्यावरही आणि लिहिलेल्या क्रमातही सगळे मराठी रकाने एका गटात आणि सगळे इंग्रजी दुसऱ्या गटात ठेवले, तर अख्ख्या अर्जात भाषा एकदाच बदलावी लागते. देवनागरी अंक आले तर ते निमूटपणे रूपांतरित करून घेण्याइतका समजूतदारपणाही प्रोग्रामला शिकवता येतो.

आपोआप उडी कुठे शोभते?

रकाना भरताच पुढे जाणं कधी सोयीचं असतं, कधी त्रासाचं. निकष एकच: लांबी ठरलेली आहे का? आधारचे बारा अंक चार-चारच्या तीन घरांत मागितले असतील, तर चौथा अंक पडताच पुढच्या घरात जाणं योग्य. मात्र उलटा प्रवासही जमायला हवा. दुसरं घर रिकामं असताना बॅकस्पेस दाबला तर कर्सर पहिल्या घरात परत गेला पाहिजे. आणि बाराही अंक एकदम चिकटवले तर ते तिन्ही घरांत वाटले गेले पाहिजेत. याहून बरं म्हणजे बारा अंकांचा एकच रकाना ठेवायचा आणि मध्ये फक्त मोकळी जागा दाखवायची.

क्षेत्राच्या रकान्यात उडी नकोच. दोन एकराचं वावर म्हणजे ० हेक्टर ८१ आर. हेक्टरच्या घरात कुणी एक अंक लिहील, कुणी दोन. एका अंकावर उडी मारली तर बारा हेक्टरवाल्याचा दुसरा अंक आरच्या घरात पडेल, आणि विम्याच्या अर्जात क्षेत्र चुकलं की त्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

तालुका निवडण्याची सोपी रीत

अमरावती जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. ब्राउझरची स्वतःची निवडयादी वापरली, तर फोकस तिच्यावर असताना नुसतं अक्षर दाबूनही निवड होते. यादी इंग्रजीत असेल तर ‘एन’ दाबताच नांदगाव खंडेश्वर निवडलं जातं, कारण जिल्ह्यात ‘एन’ने सुरू होणारा तालुका तेवढाच आहे. ‘डी’वर दर्यापूर, धामणगाव रेल्वे आणि धारणी असे तीन आहेत, तिथे आणखी काही अक्षरं भराभर दाबावी लागतात. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे यांच्यात निवडायचं असेल तर खालच्या बाणाची कळ सोपी पडते. देखणेपणासाठी स्वतः रंगवलेल्या याद्यांमध्ये यातलं काहीच आपसूक येत नाही. बाण, अक्षर, एंटर आणि एस्केप, प्रत्येक कळीचं वागणं नव्याने लिहावं लागतं. ते लिहायची तयारी नसेल तर ब्राउझरची साधी यादीच बरी.

ज्यांना माउस वापरताच येत नाही

ऑपरेटरला माउस धरावा लागला तर वेळ जातो. पण अंध व्यक्तीला बाण पडद्यावर कुठे आहे हे दिसतच नाही, आणि हात थरथरणाऱ्याला तो नेमक्या जागी टेकवता येत नाही. त्यांच्यासाठी कीबोर्ड हाच अर्जात शिरण्याचा दरवाजा आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा मोफत प्रोग्राम २००६ पासून विकसित होत आहे. फोकस ज्या रकान्यावर जाईल त्याचं नाव तो बोलून दाखवतो. रकान्याला नाव जोडलेलंच नसेल, तर ऐकणाऱ्याला फक्त ‘लिहिण्याचा रकाना’ एवढंच समजतं. त्यात आधार भरायचा की खाते क्रमांक, याचा पत्ता लागत नाही.

वेब सर्वांना वापरता यावं म्हणून २००८ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत म्हणूनच चार अपेक्षा आहेत: सगळं काम कीबोर्डने करता यावं, फोकसचा क्रम अर्थाला धरून असावा, फोकस डोळ्यांना दिसावा, आणि एकदा आत गेलेल्याला कीबोर्डनेच बाहेर पडता यावं. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून अशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानेही माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याजोगं असलं पाहिजे असं सांगितलं आहे.

चौकट: थोडक्यात

• कळीचं अक्षर एकाच रकान्याकडे जातं. त्यालाच फोकस म्हणतात.
• टॅब डोळ्यांना दिसणारा क्रम पाळत नाही. लिहिलेला क्रम पाळतो.
• वेबपानावर एक, दोन, तीन असे टॅबइंडेक्स देऊ नयेत. रकानेच योग्य क्रमाने लिहावेत.
• अर्जाचा भाग नव्याने काढला की फोकस कुठे न्यायचा ते प्रोग्रामने सांगावं.
• एंटरने पुढे जायची सोय करताना घडत असलेला मराठी शब्द मोडू नये.
• आपोआप उडी फक्त ठरलेल्या लांबीच्या अंकांसाठी.
• फोकसची चौकट पुसू नये.

माउस काढून ठेवा

अर्ज तपासायची एक रीत कुणालाही जमते. माउसची वायर काढायची आणि पहिल्या रकान्यापासून पावतीपर्यंत अर्ज फक्त कीबोर्डवर भरायचा. प्रत्येक टॅबनंतर दोनच प्रश्न विचारायचे: मी कुठे आहे ते दिसतंय का, आणि मला जिथे जायचं होतं तिथेच आलो का? मग शिफ्ट-टॅबने तीच वाट उलटी चालायची. नंतर मराठी नाव उच्चारानुसार टंकून बघायचं. अर्ध्या तासात सगळ्या चुका हाती येतात, आणि त्यातल्या बहुतेक एक-दोन ओळींत दुरुस्त होतात.

अमरावतीच्या महाविद्यालयांतली मुलं दरवर्षी प्रकल्प म्हणून असे अर्ज तयार करतात. उद्या तीच सेवा केंद्रांची, बँकांची, बाजार समित्यांची सॉफ्टवेअर लिहिणार आहेत. प्रकल्पाला गुण देताना रंगसंगतीइतकंच महत्त्व टॅबच्या क्रमालाही द्यायला हवं. अर्ज एकदा लिहिला जातो आणि लाखो वेळा भरला जातो. लिहिणाऱ्याने वाचवलेली एक ओळ प्रत्येक भरणाऱ्याला महागात पडते, आणि त्याने घेतलेले अर्ध्या तासाचे कष्ट प्रत्येकाच्या कामी येतात.